गुपचुप खाल्लं, पण पोट गप्प बसेना!

समजा, संध्याकाळचे सहा वाजलेत. रायपूरच्या समता कॉलनीत दिवे लागायला लागलेत. कोपऱ्यावर गुपचुपचा ठेला आहे. (हो हो, मुंबई-पुण्याच्या दोस्तांनो! तुमची पाणीपुरी इकडे छत्तीसगडात आली की गुपचुप होते.) तुझ्या हातात द्रोण आहे. एक पुरी... दोन... सहा... "भैया, और एक!"

आई मागून म्हणते, "बाळा, पुरे आता!" पण तोवर सातवी पुरी आत गेलेली असते.

मग रात्री दोन वाजता पोट जागं होतं. गुर्रर्र! एक कळ! आणि मग जी धावपळ होते, ती काही मी इथे सांगत नाही. तुला ठाऊकच आहे!

सकाळी आजी निदान करते, "पाणी खराब असणार. जंतू गेले पोटात." आजीचं बरोबर आहे. पण थांब जरा, दोस्ता! जंतू आलेत हे पोटाला कळलं कसं? आतड्याला डोळे नाहीत. नाक नाही. आत मिट्ट काळोख. आणि तुला तर गाढ झोप लागली होती!

मग धोक्याची घंटा वाजवली कुणी?

ओळख बघू! मेंदूने? नाही. निदान पहिल्यांदा तरी नाही. घंटा वाजवली ती आतड्यातच राहणाऱ्या मंडळींनी. त्यांचं नाव चेतापेशी.

चेतापेशी म्हणजे निरोप पोहोचवणाऱ्या पेशी. त्यांना लांब, बारीक धागे असतात. त्या धाग्यांवरून विजेसारखा निरोप सळसळत जातो आणि पुढच्या चेतापेशीला मिळतो. पायाला खडा टोचला, की "आई गं!" ओरडण्याआधी हाच निरोप धावत असतो. आपला मेंदू अशाच पेशींचा बनलेला आहे.

पण आतड्यात चेतापेशी? त्या किती असतील? शंभर? हजार?

धरून बस हं खुर्ची! निदान 10 कोटी! काही शास्त्रज्ञांचा अंदाज तर याच्या कितीतरी पट आहे. 2011 च्या जनगणनेत अख्ख्या छत्तीसगडात अडीच कोटींच्या आसपास माणसं होती. म्हणजे चार छत्तीसगड भरतील एवढ्या चेतापेशी तुझ्या पोटात! शाळेच्या डब्याशेजारी, बरं का!

या पेशी राहतात कुठे? आजीने केलेली घडीची पोळी उलगडून बघ. पदरामागे पदर दिसतो ना? आतड्याची भिंतही तशीच पदरापदरांची असते. सगळ्यात आतल्या अस्तराच्या जरा खाली चेतापेशींचं एक जाळं पसरलेलं असतं. आणि स्नायूंच्या दोन पदरांच्या मधोमध दुसरं. पहिलं जाळं 1857 मध्ये गेओर्ग माइसनर या जर्मन डॉक्टरांनी सूक्ष्मदर्शकातून पाहून सांगितलं. दुसरं थोड्याच वर्षांत लिओपोल्ड आउअरबाख यांनी. आजही त्या जाळ्यांना त्यांचीच नावं आहेत.

आता खरी गंमत ऐक.

1899 मध्ये लंडनमध्ये विल्यम बेलिस आणि अर्नेस्ट स्टार्लिंग असे दोन शास्त्रज्ञ होते. दोघे मेहुणे-मेहुणे! त्यांना पाहायचं होतं, की आतडं अन्न पुढे ढकलतं ते मेंदूच्या हुकमाने का? म्हणून त्यांनी कुत्र्याच्या आतड्याकडे बाहेरून येणाऱ्या सगळ्या चेतातंतूंच्या तारा तोडल्या. मेंदूचा फोनच बंद! मग आतून थोडा दाब दिला. आणि आतड्याने काय केलं? मागच्या बाजूने आवळलं, पुढच्या बाजूने सैल झालं आणि दिलं ढकलून पुढे! जणू काही झालंच नाही.

तरीही शंका उरली असेल, तर 1917 चा प्रयोग ऐक. जर्मनीतल्या पाउल ट्रेंडेलेनबुर्ग यांनी गिनीपिगच्या आतड्याचा छोटासा तुकडाच शरीराबाहेर काढला. कोमट, खारट पाण्यात ठेवला. एका नळीला बांधला आणि नळीतून हलकीशी फुंकर मारली. तर त्या तुकड्याने उलटी फुंकर मारली! खरंच! ना डोकं, ना मेंदू, एकटा तुकडा, आणि तरी म्हणतो, "मला फुंकतोस? हे घे!"

शरीरातला दुसरा कुठलाच भाग मेंदूला न विचारता इतकी गुंतागुंतीची कामं करत नाही. म्हणून बरेच जण या जाळ्याला 'दुसरा मेंदू' म्हणतात. मला ते नाव जरा जास्तच भारी वाटतं. दुसरा मेंदू म्हणे! मग सतराचा पाढा पोटाकडून म्हणवून घ्या की!

मला विचारशील तर, तुझं शरीर ही एक शाळा आहे. वर ऑफिसात मोठ्या बाई बसतात. तो मेंदू. आणि खाली लांबच लांब व्हरांड्यात वर्ग भरतात. ते आतडं. मोठ्या माणसाचा हा व्हरांडा सात-साडेसात मीटर लांब असतो, गुंडाळी करून पोटात बसवलेला! प्रत्येक वर्गात शिकवणाऱ्या बाई आहेत. त्या चेतापेशी. खडू संपला, कोणी बाक वाजवला, दोघं भांडले, तर बाई लगेच मोठ्या बाईंकडे धावतात का? छे! वर्गातलं वर्गातच मिटवतात. मोठ्या बाई दिवसभर मीटिंगला गेल्या तरी शाळा चालते.

वर आणि खाली फोन मात्र आहे. त्या फोनच्या तारेचं नाव व्हेगस चेता. आता ओळख, या तारेवर बोलतं कोण जास्त? मोठ्या बाई हुकूम सोडत असतील, असंच वाटतं ना? साफ चूक! या तारेतले दहापैकी आठ-नऊ धागे खालून वर निरोप नेतात. म्हणजे वर्गच बोलतात, आणि मोठ्या बाई बहुतेक वेळ "हं... हं... बरं..." करत ऐकतात!

आणि या वर्गातल्या बाई आल्या कुठून, ठाऊक आहे? चालत! आईच्या पोटात बाळ जेमतेम चार आठवड्यांचं असतं, तेव्हा त्याच्या मानेजवळ काही पेशी निघतात आणि आतड्यातून खाली खाली सरकत जातात. वाटेत एकीच्या दोन होतात, दोघींच्या चार होतात, आणि सातव्या आठवड्यापर्यंत थेट दुसऱ्या टोकाला पोहोचतात.

कधी कधी, साधारण पाच हजार बाळांमध्ये एखाद्याच्या बाबतीत, हा प्रवास मध्येच थांबतो. शेवटच्या काही वर्गांत बाई पोहोचतच नाहीत. मग तो भाग ढकलायचं काम करू शकत नाही आणि बाळाला शी होत नाही. 1886 मध्ये डेन्मार्कच्या हाराल्ड हिर्शस्प्रुंग या मुलांच्या डॉक्टरांनी हा आजार नीट मांडला. आता शस्त्रक्रिया करून तेवढा तुकडा काढतात, दोन चांगली टोकं जोडतात आणि बाळाला शी होऊ लागते. बघ, ज्या पेशींचं नावही आपल्याला माहीत नव्हतं, त्यांच्यावाचून साधी शीसुद्धा अडते!

बरं, बाई झाल्या. मोठ्या बाई झाल्या. शाळेत अजून कोण असतं?

मुलं! आणि ती गोंगाट करतात!

आपल्या आतड्यातली मुलं म्हणजे सूक्ष्मजीव. इतके बारीक, की सूक्ष्मदर्शकाशिवाय दिसायचे नाहीत. 2016 मध्ये इस्राएलच्या शास्त्रज्ञांनी मोजदाद केली. एका मोठ्या माणसाच्या शरीरात सुमारे 38 लाख कोटी जिवाणू! बहुतेक सगळे मोठ्या आतड्यात. म्हणजे माणसाच्या स्वतःच्या पेशी जेवढ्या, जवळजवळ तेवढेच पाहुणे. आणि सगळ्यांचं मिळून वजन किती? अवघं 200 ग्रॅम! भाजीवाला पाव किलो म्हणून तोलतो, त्याहून कमी.

घाबरू नकोस. यातले बहुतेक आपले दोस्त आहेत. तुझ्या जेवणातला चोथा, म्हणजे भाजीचे दोरे, फळांची सालं, डाळींची टरफलं, तुला पचवता येत नाही. हे दोस्त तो खातात आणि बदल्यात उपयोगी पदार्थ तयार करून देतात.

घराघरांत हे दोस्त वेगळे, आणि एकाच घरातही वेगळे! पुण्यात राष्ट्रीय कोशिका विज्ञान केंद्र नावाची संस्था आहे. तिथले डॉ. योगेश शौचे आणि त्यांचे सहकारी यांनी 2012 मध्ये एक मजेशीर अभ्यास छापला. त्यांनी दोन एकत्र कुटुंबं निवडली. तीन पिढ्या, एक छप्पर, एकच स्वयंपाकघर. आणि तपासलं काय? सांगू? शी! नाक मुरडू नकोस, शास्त्रज्ञ मुरडत नाहीत! आणि दिसलं असं, की ताटात वाढलेलं तेच असलं तरी आजोबांच्या आतड्यातली सूक्ष्मजीवांची वस्ती वेगळी आणि नातवाची वेगळी. वयाबरोबर वर्गातली मुलं बदलतात!

जेवण बदललं तरी बदलतात. 2019 मध्ये भोपाळच्या आयसर संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी भोपाळकडची आणि केरळमधली मिळून 110 माणसं तपासली. भोपाळकडे भाजी-पोळीवाल्या मंडळींच्या पोटात प्रिव्होटेला नावाच्या जिवाणूंची गर्दी होती. केरळात भात, मासे, मांस जास्त, तर तिथे वेगळीच मंडळी बाकांवर बसलेली!

मग समता कॉलनीतल्या मराठी घराचं काय? तिथे तर सगळीच धमाल! सकाळी कांदेपोहे, दुपारी वरणभात, गणपतीत चौबे कॉलनीतल्या महाराष्ट्र मंडळात मोदक. आणि शेजारच्या काकूंकडे उन्हाळ्यात बासी. बासी म्हणजे रात्रीचा भात पाण्यात भिजवून ठेवायचा आणि सकाळी कांदा-मिरचीबरोबर तो पाण्यासकट ओरपायचा. रात्रभरात त्या भातात जिवाणू वाढतात आणि त्याला हलकीशी आंबूस चव येते. छत्तीसगडचा शेतकरी हे पिढ्यान् पिढ्या खात आलाय. 2022 मध्ये तर 1 मे, म्हणजे कामगार दिन, इथे बासीचा दिवस म्हणूनही साजरा झाला. मंत्रीसुद्धा बासी खायला बसले होते!

आता मला एक सांग. मे महिन्याच्या सुट्टीत शाळेत गेलंय का कधी कुणी? वर्ग रिकामे, बाक धुळीने भरलेले. बाई असल्याच, तर खुर्चीत पेंगत असणार!

अगदी हेच शास्त्रज्ञांनी उंदरांत पाहिलं. असे उंदीर असतात, ज्यांच्या पोटात एकही जिवाणू नसतो. त्यांना जन्मापासून बंद प्लास्टिकच्या घरात वाढवतात. हवा गाळून देतात, अन्न निर्जंतुक करून देतात. एकदम स्वच्छ! मग त्यांचं पोट सगळ्यात छान चालत असेल, नाही?

अजिबात नाही! त्यांचं आतडं सुस्त असतं. अन्न रेंगाळत रेंगाळत पुढे जातं. आणि पुढची गोष्ट तर मला फारच आवडते. त्या उंदरांना साध्या उंदरांच्या पोटातले जिवाणू दिले, की आतडं पुन्हा कामाला लागतं! मुलं आली, घंटा झाली, बाई उठल्या!

हे होतं कसं? लंडनच्या फ्रान्सिस क्रिक संस्थेतल्या शास्त्रज्ञांना 2020 मध्ये त्याचा एक धागा सापडला. मोठ्या आतड्यातल्या चेतापेशींच्या आत एक 'कान' असतो. जिवाणू आसपास असले, की हा कान टवकारतो आणि चेतापेशी आतड्याला हलवत राहते. जिवाणू नसले, की कान मिटतो. शास्त्रज्ञांनी उंदरांच्या चेतापेशींतून हा कानच काढून टाकला. मग जिवाणू भरपूर असूनही आतडं मंदावलं. बाई वर्गात आहेत, मुलं ओरडताहेत, पण बाईंना ऐकूच येत नाहीये!

आणखी एक रस्ता आहे. आतड्याच्या अस्तरात मधूनमधून काही पहारेकरी पेशी बसलेल्या असतात. त्या सेरोटोनिन नावाचं रसायन बनवतात. हे नाव मोठ्यांच्या तोंडून ऐकलं असशील, कारण मेंदूत ते मनाच्या मूडशी जोडलेलं आहे. पण शरीरातलं सेरोटोनिन बनतं कुठे? शंभरातले नव्वदहून जास्त भाग आतड्यात! पहारेकऱ्याने थोडं सेरोटोनिन सोडलं, की शेजारची चेतापेशी जागी होते आणि ढकलायचं काम सुरू होतं. 2015 मध्ये अमेरिकेत इलेन श्याओ यांच्या गटाने दाखवलं, की काही दोस्त जिवाणू या पहारेकऱ्यांना सांगतात, "अजून बनवा, अजून बनवा!" पोट चालवण्यात मुलांचाही हात आहे, बघ!

इथवर सगळे दोस्त होते. आता त्या सातव्या पुरीतून आलेल्या दांडग्याकडे वळू या.

भिंतीवरून उडी मारून शाळेत शिरलेला दांडगा! तो बाकं उलटी करतो, विष टाकतो. पहारेकरी ते ओळखतो आणि थोडं नाही, ढीगभर सेरोटोनिन ओततो. चेतापेशी खडबडून जाग्या होतात. "पाणी सोडा! धुऊन काढा सगळं! ढकला बाहेर!" म्हणून जुलाब होतात. वर मोठ्या बाईंकडे फोन जातो आणि मळमळतं. तुला तो त्रास वाटतो. आतड्याला ती साफसफाई वाटते!

पण काही दांडगे भारी लबाड असतात. कॉलऱ्याचा जंतू घे. तो आतड्याच्या भिंतीत शिरत नाही, फक्त विष सोडतो. ते विष असतं हे शोधलं कुणी? आपल्या कोलकात्याच्या डॉ. शंभुनाथ डे यांनी, 1959 मध्ये, अगदी साध्या प्रयोगशाळेत! त्यांनी सशाच्या आतड्याच्या एका कप्प्यात जंतू काढून टाकलेला, नुसता विषाचा रस सोडला. जंतू नाही, तरी कप्पा पाण्याने टम्म फुगला!

सगळ्यांना वाटलं, विष थेट अस्तराच्या पेशींवर काम करतं. करतंच. पण पुढे स्वीडनच्या गोथेनबर्गमधल्या शास्त्रज्ञांनी मांजरांच्या आतड्यातल्या चेतापेशी औषधाने सुन्न केल्या, आणि पाण्याचा लोट निम्म्याहून कमी झाला! म्हणजे तो नळ सोडण्यात चेतापेशींचा मोठा हात होता. लबाडाने आपल्याच बाईंकडून घंटा बडवून घेतली. एवढी बडवली, की शाळाच वाहून जायची वेळ आली!

यावर उपाय काय निघाला, माहितीय? साखर, मीठ आणि पाणी! नळ उघडा असला, तरी आतड्यात एक दुसरं दार शाबूत असतं. साखर आणि मीठ हातात हात घालून त्या दाराने आत येतात आणि पाण्याला ओढून आणतात. 1971 मध्ये बंगालच्या बनगावात निर्वासितांच्या छावणीत कॉलरा पसरला, तेव्हा डॉ. दिलीप महालनोबीस यांनी हेच पाणी पिंपात कालवून लोकांना प्यायला दिलं. शंभरातली तीस माणसं दगावत होती, ती चारांहूनही कमी झाली! ओआरएसचं पाकीट तुझ्या घरी औषधांच्या डब्यात असेलच. पुढच्या वेळी त्याच्याकडे जरा आदराने बघ!

आता कळ. पोटात कळ येते ती कशाला? नुसता छळ करायला?

मैदानात पडल्यावर गुडघा कसा होतो? लाल, गरम, सुजलेला, आणि हात लावला की ठणकणारा. याला दाह म्हणतात. शरीर तिथे रक्त आणि लढणाऱ्या पेशी पाठवतं, म्हणून तो भाग फुगतो. दांडगा जंतू आला, की आतड्याच्या आतही असाच दाह होतो. आणि वेदना ओळखणाऱ्या चेतापेशी ठणाणा करू लागतात. या चेतापेशींचे धागे बाहेरून, पाठीच्या कण्याजवळून येतात.

पण 2022 मध्ये हार्वर्डच्या आयझॅक च्यू यांच्या गटाला दिसलं, की या पेशी नुसत्या ओरडत नाहीत. त्यांची टोकं आतड्याच्या अस्तरातल्या, पेल्याच्या आकाराच्या पेशींना जवळजवळ टेकलेली असतात. त्या पेला-पेशी बुळबुळीत चिकट पदार्थ बनवतात. सर्दीत नाकातून येतो ना, त्याचाच भाऊ! हा चिकट थर आतड्याच्या भिंतीवर पसरतो आणि जंतूंना भिंतीपासून दूर ठेवतो. वेदनेची चेतापेशी पेला-पेशीला सांगते, "ओत! अजून ओत!" शास्त्रज्ञांनी उंदरांतल्या या वेदनेच्या चेतापेशी काढून टाकल्या, तेव्हा थर पातळ झाला. दोस्त जिवाणूंचीही घडी विस्कटली.

म्हणजे दुखणारी पेशीच मलमपट्टी करते! मला हे वाचून खुर्चीतून उठावंसं वाटलं होतं.

आणि गंमत म्हणजे, या पेशींना आणखी कशाने जाग येते? मिरचीने! मिरचीतला तिखटपणा ज्या रसायनाचा असतो, त्या कॅप्सेसिननेही उंदरांत हा थर वाढला. (आईला हे दाखवून गुपचुपच्या पाण्यात आणखी तिखट मागायला जाशील, तर ते चालणार नाही. उंदरांना शास्त्रज्ञांनी मोजून दिलं होतं!)

त्याच्या दोन वर्षं आधी येल विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांनीही असंच काहीसं पाहिलं होतं. आतड्यातल्या चेतापेशी स्वतः एक निरोप-रसायन बनवतात, आणि ते मिळालं की पेला-पेशी जंतू मारणारी प्रथिनं सोडतात. वर्गातल्या बाई वेळ पडली तर पदर खोचून उभ्या राहतात, म्हण की!

पण या लढाईत बाईंना लागत नसेल? लागतं. आणि ही गोष्ट जरा वाईट वाटण्यासारखी आहे.

न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात डॅनियल मुसिडा यांची प्रयोगशाळा आहे. त्यांनी उंदरांना साल्मोनेलाची लागण केली. टायफॉइडचा जंतू याच घराण्यातला. जंतू गेला, उंदीर बरे झाले. मग त्यांनी आतड्यातल्या चेतापेशी मोजल्या. आणि काय? बऱ्याच नाहीशा झालेल्या! दंगल संपली, पण काही वर्गांत बाईच उरल्या नव्हत्या. त्या उंदरांचं पोट नंतरही मंद चालत राहिलं. पोटाचा मोठा आजार होऊन गेल्यावर काही माणसांचं पोट महिनोन् महिने कुरकुरत राहतं, त्याचं एक कारण असंच काही असू शकेल.

मग सगळ्याच चेतापेशी का नाही मेल्या? कारण शाळेत शिपाईकाका आहेत!

हे काका म्हणजे भक्षकपेशी. एरवी जंतू गिळणं हे त्यांचं काम. पण आतड्याच्या स्नायूंमधल्या भक्षकपेशी चेतापेशींना अगदी खेटून राहतात. लागण झाली, की बाहेरून येणारे चेतातंतू त्यांना एक रसायन पाठवून सांगतात, "धोका! सांभाळा!" आणि भक्षकपेशी चक्क लढाई बाजूला ठेवतात! त्या चेतापेशींना वाचवणारे पदार्थ सोडू लागतात. 2020 मध्ये हे छापून आलं. शास्त्रज्ञांनी निरोप घेणारं भक्षकपेशींवरचं यंत्र काढून टाकलं, तर आणखी जास्त चेतापेशी मेल्या. काका नसते, तर बाईंचं काही खरं नव्हतं!

पुढच्याच वर्षी त्याच प्रयोगशाळेने आणखी एक प्रयोग केला. काही उंदरांना आधी दुसऱ्याच एका जंतूची लागण केली. ते बरे झाले. मग काही आठवड्यांनी साल्मोनेला दिला. आणि ओळख काय झालं! या वेळी चेतापेशी फारशा मेल्याच नाहीत! पहिल्या लागणीनंतर काका सज्ज होऊन बसले होते. शाळेत आगीची रंगीत तालीम घेतात ना, घंटा वाजली की रांगेत मैदानावर? तशीच तालीम झाली म्हण. जंतू वेगळा होता, तरी तालीम कामी आली. पोटात काही जंत असलेल्या उंदरांतही हेच दिसलं, फक्त तिथे काकांऐवजी दुसऱ्याच पेशी धावून आल्या.

हे सगळं उंदरांतलं आहे, हे विसरू नकोस. त्यामुळे मुद्दाम घाण पाणी पिऊन तालीम घ्यायची नाही हं!

आता जाता जाता एक प्रयोग तुझ्यासाठी. वहीचा पुठ्ठा गोल गुंडाळ, नळी कर. जेवणाआधी घरातल्या कुणाच्या तरी पोटाला एक टोक लाव, दुसरं टोक कानाला. धाकटी बहीण चालेल, पण ती हसत सुटेल. आजोबा बरे. शांत राहा आणि ऐक.

गुडगुड... टुक... गुर्रर्र!

भूक लागली म्हणून पोट ओरडतं, असंच सगळे म्हणतात. पण आत काय चाललेलं असतं, ठाऊक आहे? केर काढणं! पोट रिकामं असलं, की साधारण दर दीड-दोन तासांनी चेतापेशी आतड्यातून एक लाट सोडतात. ती जठरापासून निघते आणि लहान आतड्यातून खाली खाली जाते. राहिलेले कण, मेलेल्या पेशी आणि नको तिथे जमू पाहणारे जिवाणू, सगळं झाडत झाडत मोठ्या आतड्याकडे नेते. शाळा सुटल्यावर मावशी कशा वर्गावर्गांतून झाडू मारत जातात, तसं! आतड्यात अन्न नसतं, नुसती हवा आणि पाणी असतं, म्हणून आवाज घुमतो. काही खाल्लं, की मावशी झाडू ठेवून देतात.

तेव्हा गणिताच्या तासाला, डब्याच्या सुट्टीला दहा मिनिटं असताना, तुझं पोट मोठ्याने गुर्रर्र करील आणि अख्खा वर्ग खिदळेल, तेव्हा लाजू नकोस. खुशाल सांग, "गप्प बसा रे, आत झाडू चाललाय!"